वाटाघाटीचा हक्क कायद्यानेच काढून घेतला तर? विस्कॉन्सिन, युटा आणि आपल्याकडची मान्यताप्राप्त युनियन

धायरीचा लिपिक (प्रश्न)

नमस्कार. मी पुणे परिसरातील एका स्थानिक स्वराज्य संस्थेत लिपिक असून तेथील मान्यताप्राप्त युनियनचा साधा सभासद आहे, पदाधिकारी नाही. युनियन, संप आणि औद्योगिक वाद यांविषयीची केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तेव्हापासून आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत हाच विषय चालतो. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, अमेरिकेत काही राज्यांनी शिक्षक, परिचारिका आणि पालिका कर्मचारी यांचा सामुदायिक वाटाघाटीचा, म्हणजे युनियनमार्फत एकत्र बोलणी करून पगार आणि कामाच्या अटी ठरवण्याचा, हक्क जसा कायदा करून काढून घेतला, तसेच आता आपल्याकडेही झाले आहे आणि यापुढे युनियनची पावती फाडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. दुसऱ्याचे म्हणणे नेमके उलट आहे: सरकारी नोकराला आपल्याकडे असा हक्क कधी नव्हताच, मग जे नव्हते ते जाणार कसे?

मला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात. महागाई भत्ता, सफाई कामगारांचा घाणभत्ता, लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसांना मिळणारी नेमणूक, दिवाळीचे सानुग्रह अनुदान हे सारे विषय युनियन आणि प्रशासन यांच्या बैठकांत निघतात आणि पुष्कळदा मार्गीही लागतात. या बैठका कोणत्या कायद्याच्या आधारावर होतात, अमेरिकेत नेमके काय काढून घेतले गेले आणि त्यातले काय आपल्याला लागू पडते, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती. घोषणा आम्हाला पाठ आहेत, त्यामुळे कृपया कायद्याचे आणि घटनांचे बोलावे.

मुक्काम मॅडिसन

मी मूळची सिंहगड रस्त्याची. २०११ मध्ये मी मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात अध्यापन साहाय्यक होते, म्हणजे ज्यांचा हक्क गेला त्यांच्यापैकीच एक. तेव्हा तिकडचे मी सांगते, इकडचे कायदेपंडितांनी सांगावे.

अमेरिकेत खासगी क्षेत्रातील कामगारांना सामुदायिक वाटाघाटीचा हक्क १९३५ च्या राष्ट्रीय कायद्याने मिळाला, परंतु त्या कायद्यातून सरकारी नोकर वगळलेले होते. राज्य सरकार, शहर आणि शाळा यांच्या कर्मचाऱ्यांचे भवितव्य त्यामुळे ज्याच्या त्याच्या राज्याच्या विधिमंडळावर अवलंबून राहिले. पालिका कर्मचाऱ्यांना हा हक्क कायद्याने देणारे पहिले राज्य विस्कॉन्सिनच होते, १९५९ साली. विधिमंडळाने दिलेले विधिमंडळाला परतही घेता येते, आणि ते त्याच राज्यात ११ मार्च २०११ रोजी गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या स्वाक्षरीने घडले. ‘अ‍ॅक्ट १०’ या नावाने तो कायदा ओळखला जातो.

आपल्या सहकाऱ्याला हे अवश्य सांगावे की, त्या कायद्याने युनियनवर बंदी घातली नव्हती. बंदी घातली असती तर लढणे सोपे गेले असते, असे मला आजही वाटते. वाटाघाट करता येईल, पण केवळ मूळ वेतनावर, असे त्यात होते. ती वाढही ग्राहक किंमत निर्देशांकापेक्षा जास्त हवी असेल तर त्या भागातील मतदारांचे सार्वमत घ्यावे लागेल. रजा, कामाचे तास, पाळ्या, वर्गातील विद्यार्थिसंख्या, सुरक्षिततेची साधने हे सारे चर्चेबाहेर गेले. करार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करता येणार नव्हता. युनियनची वर्गणी पगारातून कापून देण्यास मनाई झाली. आणि दरवर्षी मान्यतेसाठी नव्याने मतदान घ्यायचे, ज्यात मतदान करणाऱ्यांपैकी नव्हे तर त्या गटातील एकूण कर्मचाऱ्यांपैकी ५१ टक्के मते बाजूने पडली पाहिजेत. जो मत द्यायला आलाच नाही, तो विरोधात मोजला जाणार. (हाच निकष आमदारांच्या निवडणुकीला लावला तर किती जण निवडून येतील, हा हिशेब वाचकांनी सवडीने करावा.) यांखेरीज निवृत्तिवेतनाच्या अंशदानाचा निम्मा भाग आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यातील पूर्वीपेक्षा मोठा वाटा कर्मचाऱ्यांवर टाकण्यात आला. युनियनचे नेते पैशांची ही बाब मान्य करायला तयार होते. आमचे पैसे घ्या पण बोलणी करण्याचा हक्क ठेवा, असे ते जाहीरपणे सांगत होते. सरकारला मात्र दोन्ही हवे होते.

विरोध मोठा झाला. गणपूर्ती होऊ नये म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाचे चौदा सिनेटर शेजारच्या इलिनॉय राज्यात जाऊन राहिले, आणि शेवटी सत्ताधाऱ्यांनी विधेयकातील आर्थिक कलमे वेगळी काढून, ज्याला कमी गणपूर्ती पुरते असे विधेयक मंजूर करून घेतले. विधानभवनाच्या संगमरवरी फरशीवर आम्ही पथाऱ्या टाकून झोपत होतो. उशाला पदवीच्या विद्यार्थ्यांचे तपासायचे पेपर असत, कारण शिकवणे आम्ही सोडलेले नव्हते. वॉकर यांना मुदतीआधी पदावरून परत बोलावण्यासाठी जून २०१२ मध्ये मतदान झाले, त्यात ते पुन्हा निवडून आले. आमच्या संघटनेने दरवर्षीच्या त्या मतदानाच्या फेऱ्यात न पडता मान्यतेविनाच काम करायचे ठरवले.

एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अ‍ॅक्ट १० मधून पोलीस आणि अग्निशमन दल वगळलेले होते. त्याच वर्षी ओहायो राज्यात असाच कायदा झाला, पण त्यात पोलीस आणि अग्निशामक जवानही घेतले होते. तो नोव्हेंबर २०११ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी रद्द केला. फ्लोरिडाने २०२३ मध्ये विस्कॉन्सिनचाच धडा गिरवला: वर्गणी भरणारे सभासद ६० टक्क्यांहून कमी असतील तर पुन्हा मान्यता मिळवा, पगारातून वर्गणी कापायची नाही, आणि पोलीस व अग्निशमन दल मोकळे. युटाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सार्वजनिक नोकरांच्या सामुदायिक वाटाघाटीवर सरसकट बंदी घातली, तीत कोणालाच वगळले नाही. शिक्षक, अग्निशामक, पोलीस सगळे एकत्र आले, सार्वमताच्या मागणीवर अडीच लाखांहून अधिक वैध स्वाक्षऱ्या जमल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये विधिमंडळाने स्वतःच तो कायदा मागे घेतला. पोलीस आणि इतर कर्मचारी यांच्यातील हाच भेदभाव घटनाबाह्य ठरवून मॅडिसन येथील एका न्यायाधीशांनी डिसेंबर २०२४ मध्ये अ‍ॅक्ट १० मधील बहुतेक तरतुदी रद्द केल्या, आणि अपिलाचा निर्णय होईपर्यंत त्या निकालाला स्थगिती मिळाली.

शिवाजीनगरचा वकील

मॅडिसनच्या ताईंनी उत्तम मांडले. मी कामगारांच्या बाजूने औद्योगिक न्यायालयात उभा राहतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझा कल कोणाकडे आहे हे वाचकांना कळेल.

धायरीच्या बंधूंच्या दोन्ही सहकाऱ्यांचा घोटाळा एकच आहे. ते ‘सरकारी कर्मचारी’ हा एकच गठ्ठा समजतात. जिल्हाधिकारी कार्यालयातील अव्वल कारकून, महापालिकेचा आरोग्य कोठीवरचा सफाई कामगार आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील यंत्रचालक या तिघांना जनता सरकारी नोकरच म्हणते, पण कायद्याच्या दृष्टीने ते तीन वेगवेगळ्या घरांत राहतात.

अव्वल कारकुनाचे घर सर्वांत कच्चे आहे. त्याला औद्योगिक कायदे लागू नाहीत, महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागू आहेत, आणि त्यांत संपाला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद प्रकरणात, निदर्शने करण्याचा हक्क सरसकट काढून घेता येणार नाही, पण संपावर बंदी घालणारा नियम वैध आहे, असे ठरवले. संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्कात प्रभावी सामुदायिक वाटाघाटीचा हक्क अंतर्भूत नाही, हेही त्याच सुमारास बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगितले गेले. २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात बडतर्फ केले. तेव्हा रंगराजन प्रकरणात न्यायालयाने, सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत किंवा वैधानिक हक्क तर नाहीच, पण नैतिक हक्कही नाही, असे म्हटले. संघटना-स्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाट यांविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने आजही स्वीकारलेले नाहीत. त्यामागे सरकार जे कारण देते ते हेच, की स्वीकारले तर सरकारी नोकरांना नियमांनी नाकारलेले हक्क द्यावे लागतील.

म्हणजे दुसरा सहकारी या घरापुरता बरोबर आहे. तरीही याच घरातील माणसांनी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १९७७-७८ मध्ये ५४ दिवसांचा संप केला, आणि ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत १४ ते २० मार्च २०२३ असा राज्यव्यापी संप केला. नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, हे त्या दुसऱ्या संपाचे मूळ होते. संपाच्या पहिल्याच दिवशी दोन्ही सभागृहांनी अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयक, म्हणजे आपण ज्याला मेस्मा म्हणतो ते, मंजूर केले, आणि संप मागे घेताना सरकारने समिती नेमली. पुढच्या वर्षी सुधारित निवृत्तिवेतन योजना आली. कागदावर हक्क नसताना बोलणी झाली, हे लक्षात घ्यावे. मात्र अशी बोलणी दरवेळी सरकारच्या मर्जीवर आणि निवडणूक किती जवळ आली आहे यावर अवलंबून असतात, हेही तितकेच खरे.

आता तुमचे घर. नागपूर महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच महापालिकेचे बहुतेक विभाग ‘उद्योग’ या व्याख्येत बसवले. त्यामुळे तुम्हाला युनियनला मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथा रोखणारा, १९७१ चा तो लांबलचक नावाचा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो, ज्याला आम्ही सगळे एमआरटीयू म्हणतो. तुमच्या बैठका ज्या आधारावर होतात तो हाच. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने ज्या युनियनकडे किमान ३० टक्के सभासद आहेत, तिला औद्योगिक न्यायालय मान्यता देते. मान्यता देणारे न्यायालय आहे, आयुक्त नव्हे, ही या कायद्याची सर्वांत मोलाची गोष्ट मी मानतो. मान्यताप्राप्त युनियनशी सद्भावनेने वाटाघाट करण्यास नकार देणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरते. झालेला करार न पाळणे हीसुद्धा अनुचित प्रथा, आणि माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी ठेवून कायमपणाचे लाभ नाकारणे हीसुद्धा. देशातील फार थोड्या राज्यांत कामगारांच्या हाती असे हत्यार आहे.

ज्याने मान्यतेची पडताळणी पाहिली नाही त्याला ‘३० टक्के’ हा आकडा सोपा वाटतो. अन्वेषण अधिकारी समोर बसतो. एका बाजूला हजेरीपट, दुसऱ्या बाजूला सभासद नोंदवही आणि पावती पुस्तकांची स्थळप्रत. कायद्याने सभासद वर्गणी महिना किमान पन्नास पैसे ठेवलेली आहे, पण ती सहाही महिन्यांची भरलेली दिसली पाहिजे. एकाच माणसाच्या दोन युनियनच्या पावत्या निघतात, सहीऐवजी अंगठा असतो आणि तो दुसऱ्याच पावतीवरच्या अंगठ्याशी जुळत नाही, मधल्या एका महिन्याचे पुस्तकच सापडत नाही. संपात कधी न हरलेल्या युनियनची मान्यता अशा टेबलावर डळमळताना मी पाहिली आहे.

नव्या संहितेकडे याच नजरेने पाहावे. १९२६ चा कामगार संघ कायदा, १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे तीन केंद्रीय कायदे तिने रद्द केले. त्या यादीत एमआरटीयू नाही. पण संहितेत वाटाघाटीच्या युनियनचा स्वतंत्र निकष आहे. अनेक युनियन असतील तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार जिच्या मागे असतील तीच एकमेव वाटाघाटी युनियन. तसे कोणीच नसेल तर वाटाघाटी परिषद, जिच्यात किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या युनियनना दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. एकाच विषयावर केंद्र आणि राज्य यांच्या कायद्यांत विसंगती असेल, आणि राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींच्या संमतीचे संरक्षण नसेल, तर राज्यघटनेच्या २५४ व्या अनुच्छेदानुसार केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. तीसचे एक्कावन्न होणे, ही विस्कॉन्सिनशी मिळतीजुळती गोष्ट येथे आहे, फक्त ती दरवर्षी पुन्हा सिद्ध करायची नाही.

संपाबाबत वृत्तपत्रांत ‘आता साठ दिवस आधी नोटीस’ असे छापून आले, ते नेमके नाही. पूर्वी सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना लागू होते त्या धर्तीचे बंधन आता सर्व उद्योगांना लागू झाले आहे: नोटीस संपापूर्वीच्या साठ दिवसांच्या आतली हवी आणि नोटीस दिल्यापासून चौदा दिवसांत संप करता येणार नाही. खरी मेख पुढे आहे. समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असे धरले जाते, आणि ती चालू असताना व संपल्यावर आणखी सात दिवस संप बेकायदा ठरतो. चौदा दिवसांत एक बैठक घेणे कोणत्याही कामगार आयुक्तालयाला अवघड नाही. शिवाय पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप. सामुदायिक रजेचे जे आंदोलन आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आले, त्याची वाट त्यामुळे बंद झाली.

कोथरूडचा करदाता

सगळे वाचले. माहिती चांगली आहे, परंतु या धाग्यावर दुसरी बाजू कोणीच मांडत नाही, म्हणून लिहितो.

खासगी कारखान्यात मालक आणि कामगार भांडतात ते कारखान्याच्या नफ्यावर. मागणी अवास्तव झाली तर कारखाना बुडेल, ही भीती दोघांनाही असते. सरकारी नोकरीत समोर बसलेला अधिकारी स्वतःच्या खिशातून काही देत नाही, आणि राजकीय नेता तर देण्याच्या बदल्यात मते मिळवतो. देतो तो मिळकत कर भरणारा, ज्याला त्या बैठकीत खुर्ची नसते. अमेरिकेत कामगारांचा कैवारी म्हणून ओळखला गेलेला अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यानेही १९३७ च्या एका पत्रात, खासगी क्षेत्रातील सामुदायिक वाटाघाट जशीच्या तशी सरकारी सेवेत आणता येणार नाही, असेच लिहिले होते. १९३५ चा कायदा ज्याने केला त्याचेच हे मत आहे.

आणि संप झाला की त्रास कोणाला होतो? आयुक्तांच्या बंगल्यासमोरचा कचरा उचलला जातो. आमच्या सोसायटीसमोरचा तसाच राहतो. एसटीचा संप २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला, आणि त्या काळात स्वारगेटहून गावाला जाणाऱ्या माणसाला खासगी गाडीवाल्याने सांगितलेले भाडे मुकाट्याने द्यावे लागले. त्या माणसाच्या हक्काविषयी कोणता कायदा आहे? कर्मचाऱ्यांना चांगला पगार मिळावा याला माझा विरोध नाही. तो वेतन आयोगासारख्या यंत्रणेने ठरवावा, नाक दाबून नव्हे.

खडकी सेवानिवृत्त

वकीलसाहेबांनी तीन घरे सांगितली आणि तिसऱ्याचे दार उघडायचे राहिले, ते मी उघडतो. मी खडकीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालो. आमच्या अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी महासंघाचे मुख्यालय खडकीतच आहे, एस. एम. जोशी भवनात. एस. एम. आमचे अध्यक्ष होते, ही गोष्ट पुण्यातल्या नव्या पिढीला ठाऊक नसते.

आम्ही एकाच वेळी केंद्र सरकारचे नोकर आणि औद्योगिक कायद्याखालचे कामगार होतो, त्यामुळे नोटीस देऊन संप करण्याची कायदेशीर वाट आम्हाला होती. २०२१ मध्ये केंद्राने ४१ आयुध निर्माणींचे सात कंपन्यांत निगमीकरण करायचे ठरवले. आमचा डावा महासंघ, काँग्रेसप्रणीत महासंघ आणि संघपरिवारातील भारतीय प्रतिरक्षा मजदूर संघ यांनी एकत्र येऊन २६ जुलैपासून बेमुदत संपाची तयारी केली. हे तिघे एका मांडवाखाली येणे किती दुर्मीळ असते, ते निर्माणीच्या गेटवर उभे राहून मीटिंग ऐकलेल्या माणसालाच कळेल. त्यावर ३० जून रोजी अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेश निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. संपात भाग घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत आणि चिथावणी देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. आवश्यक तेथे जादा वेळ काम करण्यास नकार देणे हाही संपच. संप झाला नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्या सुरू झाल्या, त्यांतली म्युनिशन्स इंडिया लिमिटेड पुण्यातच आहे. त्या कायद्याला एका वर्षाची मुदत होती, आणि जे करायचे होते ते तेवढ्या मुदतीत झाले. संसदेत विरोधकांचा गोंधळ चालू असताना विधेयक मंजूर झाले, त्यामुळे आमच्या बाजूने नीट चर्चा झाली असेही म्हणता येत नाही.

कोथरूडकरांना एवढेच सांगतो की, तुमचा आक्षेप नवा नाही आणि त्याचे एक उत्तर १९६६ पासून अस्तित्वात आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी त्या वर्षी संयुक्त सल्लागार यंत्रणा, जिला सगळे जेसीएम म्हणतात, ती उभी राहिली. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या तीन विषयांवर बोलणी फिसकटली तर सक्तीच्या लवादाकडे जायचे आणि निवाडा दोन्ही बाजूंनी मानायचा. देशाच्या अर्थव्यवस्थेला झेपत नाही असे वाटल्यास सरकारला तो नाकारता येतो, पण त्यासाठी संसदेपुढे यावे लागते. म्हणजे करदात्याच्या प्रतिनिधींना बैठकीत खुर्ची आहे, आणि त्यांनी ‘नाही’ म्हणायचे तर उघडपणे, कारणे देऊन म्हणायचे आहे. संपाशिवाय मार्ग काढायची ही रीत आम्हाला मान्य होती. लवादाचे निवाडे वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले, ते कामगारांमुळे राहिले नाहीत. आणि वेतन आयोगाचे म्हणाल तर तो सरकार नेमते, त्याचे विषय सरकार ठरवते आणि शिफारशी स्वीकारायच्या की नाही हेही सरकारच ठरवते.

कोथरूडचा करदाता

संसदेपुढे येण्याची तरतूद मला ठाऊक नव्हती आणि ती योग्य आहे. महापालिकेच्या स्तरावर मात्र तसे काहीही नाही, हा माझा मुद्दा शिल्लक राहतो. सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रकावर चर्चा होते, युनियनशी होणाऱ्या करारावर होत नाही. करार सहीपूर्वी नागरिकांना वाचायला मिळाला पाहिजे.

शिवाजीनगरचा वकील

ही मागणी मला रास्त वाटते, आणि कोणत्याही प्रामाणिक युनियनने तिला विरोध करण्याचे कारण नाही.

धायरीचा लिपिक

सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट मात्र अजून नीट उमगली नाही. आमच्या खात्यात कायम सफाई कामगार निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसे येतात. झाडू तोच आणि मुकादमही तोच असतो, हजेरी मात्र ठेकेदाराच्या वहीत लागते. पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, रस्त्यावर धावणाऱ्या अनेक गाड्यांचे चालक असेच ठेकेदारांचे आहेत. ५१ टक्के मोजायचे ते हजेरीपटावरचे, तर या माणसांचे काय होते? ती आमच्या युनियनच्या गणतीत येतात की नाही?

शिवाजीनगरचा वकील

येत नाहीत, आणि माझ्या मते नव्या संहितेपेक्षा ही गोष्ट अधिक नुकसान करून बसली आहे. ठेकेदाराचा कामगार महापालिकेच्या हजेरीपटावर नसतो, त्यामुळे तो ना ३० टक्क्यांत धरला जातो ना ५१ टक्क्यांत. त्याने एमआरटीयूखाली तक्रार केली की पालिका म्हणते, हा आमचा माणूसच नव्हे. मालक-नोकर हे नातेच वादग्रस्त असेल तर या कायद्याखालची तक्रार चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कल्याणी स्टील्सच्या उपाहारगृहातील कामगारांच्या प्रकरणात आणि सिप्ला प्रकरणात ठरवले. म्हणजे आधी दुसऱ्या मंचावर नाते सिद्ध करायचे आणि मग हक्क मागायला यायचे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने तसे केले आणि सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून टिकवून आणला. पण त्यासाठी त्यांना ठेका पद्धत हे केवळ ढोंग आहे हे पुराव्यानिशी दाखवावे लागले, आणि त्यात अनेक वर्षे गेली.

वाटाघाटीचा हक्क विस्कॉन्सिनने कायदा करून कापला. आपल्या शहरांत तो निविदेमागून निविदा काढत कमी होत गेला. त्यासाठी कोणालाही विधानसभेत जावे लागले नाही, आणि खरे सांगायचे तर कायम कामगारांच्या पुष्कळ युनियननी, आपल्या सभासदांची वेतननिश्चिती सुरळीत चालू आहे म्हणून, तिकडे काणाडोळा केला.

तुमच्या युनियनने लगेच करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. ठेकेदाराकडील कामगारांना आपल्या घटनेत सभासदत्व देता येते का ते पाहावे, आणि येत नसेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत घटनादुरुस्तीचा ठराव आणावा. मान्यतेच्या गणतीत ते आले नाहीत तरी त्यांच्या वतीने वाद उपस्थित करताना हे सभासदत्व उपयोगी पडते. ठेकेदाराच्या वहीची पाने, मुकादमाने दिलेले तोंडी हुकूम कोणत्या दिवशी कोणासमोर दिले त्याची टिपणे, पालिकेच्या शिक्क्याचे गणवेश किंवा ओळखपत्रे हा सारा पुरावा आजपासूनच जमवायला घ्यावा. दुसरे असे की, कायम कामगारांच्या पावत्या दर महिन्याला फाडाव्यात, दिवाळीच्या बोनसमधून वर्षाची वर्गणी एकरकमी घेऊन मागील तारखांच्या पावत्या लिहू नयेत. अन्वेषण अधिकाऱ्याला एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या पावत्या लगेच ओळखू येतात, आणि प्रतिस्पर्धी युनियनच्या वकिलाला तर त्याहून आधी.